रोडगा

रोडगा : गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली जाड, गोल भाकर. मराठवाडा व विदर्भात प्रचलित. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत व रोडगा यांचा नैवेद्य दाखवतात. छत्रपती संभाजीनगरलगतच्या सातारा येथील खंडोबा मंदिरात या दिवशी उत्सव असतो. पैठणच्या संत एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडातील नवस रोडग्याचाच आहे.

गव्हाच्या जाडसर पिठाला तेलाचे मोहन देऊन मीठ व ओवा घालतात आणि कणीक घट्ट मळतात. नैवेद्याला पुष्कळ घरी बाजरीचे पीठ घेतात. गोवऱ्यांची धग बसल्यावर गोळे आरात पुरून वर गरम राख ओढतात. भाजण्याची घाई करू नये, कारण जाळ मोठा असला की साल करपते आणि आत पीठ कच्चे राहते. राख झटकून, फोडून, भरपूर तुपासह वरण व वांग्याच्या भाजीबरोबर खातात. शहरी घरांत हेच गोळे ओव्हनमध्ये भाजतात.

आयर्लंडचा सोडा ब्रेड रोडग्याच्या जवळचा. एकोणिसाव्या शतकात तेथे तो रुजला. त्यातही यीस्ट नसते. ताकातील आम्ल आणि खाण्याचा सोडा यांच्या संयोगातून निघणारा कार्बन डायऑक्साइड तो फुगवतो. हा वायू पीठ भिजवताच सुटू लागतो, म्हणून पीठ न तिंबता लगेच भाजायला घालतात. पूर्वी तो झाकणावर पीट या दलदलीतल्या जळाऊ मातीचे निखारे ठेवून लोखंडी भांड्यात भाजत.