वलंदाज गेले, कोकणी राहिले



किन्हीराजा हे आमचे गाव वाशीम जिल्ह्यात, समुद्रापासून शेकडो मैल दूर. येथील मुलांना समुद्र नकाशावर दाखवावा लागतो. परंतु घर सोडून परमुलखी जाणे म्हणजे काय, हे मात्र त्यांना शिकवावे लागत नाही. हंगाम सरला की कित्येक बिऱ्हाडे पोटासाठी बाहेर पडतात. काही परत येतात, काही तिकडचीच होतात. मनुष्य परक्या भूमीचा केव्हा होतो, हा प्रश्न त्यामुळे आमच्या घरचाच आहे. त्याचे उत्तर आज एका दूरच्या बेटाच्या इतिहासात शोधू या.

हॉलंडच्या लोकांना आपले पूर्वज वलंदाज म्हणत. इ. स. १६३७ मध्ये त्यांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रावर कोंडी करावयाची आणि जाता जाता व्यापारही साधावयाचा, असा त्यांचा दुहेरी बेत होता. त्या वखारीच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. भिंती राहिल्या, माणसे राहिली नाहीत. कारण ती राहावयास आलीच नव्हती.

परंतु याच वलंदाजांनी हिंदी महासागरातील एका निर्जन बेटावर मात्र वस्ती करण्याचा खराखुरा प्रयत्न केला. इ. स. १५९८ मध्ये त्यांची गलबते तेथे लागली आणि आपल्या राजपुत्र मॉरिस याच्या नावावरून त्यांनी बेटाला मॉरिशस हे नाव दिले. १६३८ मध्ये वलंदाज कंपनीने जेमतेम पंचवीस माणसे तेथे ठेवली व एक किल्ला उभारला. दुसऱ्याच वर्षी जावा बेटातून ऊस आणि हरणे आणली. रानात एबनीचे काळेभोर, मौल्यवान लाकूड होते. ते तोडून विलायतेस धाडणे हा मुख्य उद्योग ठरला. झाडे तोडण्यास मादागास्करचे गुलाम आणले; त्यांत आपल्या बंगालची व मलबारचीही माणसे होती. १६९५ मध्ये काही गुलामांनी उठून किल्ला पेटवून दिला. त्या कटात बंगालची एक स्त्री होती, ही गोष्ट आपण विसरू नये.

ही वसाहत रुजली नाही. चक्रीवादळे पिके झोपवीत, गलबतांतून उतरलेले उंदीर उरलेले खात. १६५८ मध्ये वलंदाजांनी बेट सोडले, १६६४ मध्ये ते पुन्हा आले, आणि १७१० मध्ये कायमचे निघून गेले. सत्तर वर्षांच्या या उलाढालीत वस्ती काही शतांच्या पुढे गेली नाही. मागे राहिले ते बेटाचे नाव, ऊस, हरणे, आणि डोडो नावाच्या पक्ष्याची आठवण. न उडणारा तो पक्षी माणसाच्या व त्याने आणलेल्या जनावरांच्या तावडीतून सुटला नाही.

दोष केवळ वादळाचा म्हणावा, तर त्याच कंपनीची दुसरी वसाहत पाहा. १६५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकास, केपला, त्यांनी ठाणे घातले. तेथेही आरंभी सारे चाकरच होते. परंतु १६५७ मध्ये नऊ जणांना चाकरीतून मुक्त करून शेतजमीन दिली. नांगर हाती आला, पुढे कुटुंबे वाढली, आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. अर्थात ती जमीन खोईखोई लोकांच्या गुरांची कुरणे होती, हेही सांगितले पाहिजे. एकाचे घर वसले ते दुसऱ्याचे मोडून.

आता पुन्हा मॉरिशसकडे वळू. वलंदाजांमागून फ्रेंच आले आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली. तेव्हा उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटावर मजूर नेण्यात येऊ लागले. अशी साडेचार लाखांवर माणसे तेथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले, मुख्यतः कोकणातले, मराठी लोक होते. वलंदाजांनी आणलेला ऊस आता आपल्या माणसांच्या कोयत्याखाली आला.

त्यांच्या पाठीशी कंपनी नव्हती, तोफा नव्हत्या. एक दिवस कामास चुकल्यास दोन दिवसांचा रोज कापला जाई. गिरमिट संपलेल्यासही परवाना जवळ बाळगल्यावाचून फिरण्याची सोय नव्हती. पुढे परतीचे फुकट तिकीटही बंद झाले. ही सारी स्थिती वलंदाज चाकरापेक्षा कितीतरी हीन होती. तरी ती माणसे टिकली! हे कसे घडले?

कारणे दोन दिसतात. पहिले असे की, पुढे जहाजांतून स्त्रियाही आल्या. घरात चूल पेटली, तिच्याबरोबर ओव्या, सणवार आणि भाषा आली. दुसरे कारण जमीन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचा भाव उतरला, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनीचे तुकडे विकावयास काढले. मजुरांनी पै पै साठवून ते घेतले. ज्या मातीत घाम गाळला ती अशी स्वतःच्या नावावर झाली. १९०१ च्या अखेरीस गांधीजी वाटेत त्या बेटावर उतरले होते. मुलांना शिकवा, असा त्यांनी तेथील हिंदी लोकांना उपदेश केला. १९६८ मध्ये ते बेट स्वतंत्र झाले, तेव्हा गिरमिटियांचे नातू त्याचे नागरिक होते.

आज गणेशचतुर्थीस मॉरिशसमध्ये सरकारी सुटी असते. तेथील मराठी घराण्यांत कोकणातली जाखडी ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते. मराठी शाळांतून शिकविली जाते. मात्र घरोघरी बोलली जाते ती बहुधा क्रिओल, हे सत्यही झाकू नये. नवी भूमी देते तसे काही घेतेही.

तात्पर्य, वलंदाज धनी म्हणून आले आणि पाहुण्यासारखे गेले. आपले लोक बांधलेले मजूर म्हणून गेले आणि घरधनी झाले. जहाज माणसाला परतीरास पोहोचविते, परंतु त्याला तेथला करते ती चूल, शेताचा तुकडा आणि मुलाच्या हातातील पाटी. ज्या गावी आपली बिऱ्हाडे कामास जातात, तेथे त्यांना या तीन गोष्टी मिळतात की नाही, एवढे आपण अवश्य विचारावे. आणि आपल्या गावी जे परके बिऱ्हाड येते त्याच्या मुलासाठी शाळेचे दार उघडे आहे की नाही, हेही पाहावे.