तळटीप : डोमेन नाव आणि होस्टिंग
डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, आणि होस्टिंग, म्हणजे त्याच्या फायलींसाठी सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा, हे दोन स्वतंत्र व्यवहार असले, तरी होस्टिंग कंपनी पहिल्या वर्षी नाव ‘मोफत’ देते तेव्हा ते एकच असल्याचा भास होतो. नाव कायमचे विकत मिळत नाही, ‘.कॉम’सारख्या प्रत्ययाखाली ते एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येते, आणि नोंदीत धारक म्हणून कंपनीचेच नाव असेल, तर ग्राहकाने पैसे भरूनही हक्क सांगणे अवघड जाते. धारक स्वतः ग्राहक असल्यास नेमसर्व्हरची, म्हणजे नावाचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची, नोंद बदलून होस्टिंग पालटता येते. ‘.भारत’ हा देवनागरी प्रत्यय २०१४पासून मिळतो. त्यात मात्र ऱ्हस्वदीर्घाची चूक, जी मराठी वाचक सहसा खपवून घेतो, यंत्राच्या लेखी निराळेच नाव ठरते.