दारे, कुलपे आणि किल्ल्या

कुलपांचे फोटो काढण्यासारखे त्यांत असते तरी काय, असे मंडळातील भगिनी मला नेहमी विचारतात. माणसांचे काढावेत, देवळांचे काढावेत. गंजक्या लोखंडासाठी फिल्म कशाला खर्ची घालायची, असे पूर्वी म्हणत. आता फिल्म गेली, पण प्रश्न काही गेला नाही. त्याचे उत्तर म्हणून हा लेख. जुने दार दिसले की मी दोन गोष्टी पाहते : बंदोबस्त आतून होता की बाहेरून, आणि किल्ली कोणाच्या हाती होती. एवढ्यावरून घरातल्या बायकांच्या दिनक्रमाचा पुष्कळ अंदाज बांधता येतो.

पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बहुतेकींनी पाहिला असेल. वाड्याच्या बांधकामाला १७३० साली प्रारंभ झाला. हत्तीने मस्तकाची धडक देऊ नये म्हणून दरवाजाच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. रोजच्या येण्याजाण्यासाठी मोठ्या दरवाजातच लहान दिंडी. तिच्यातून आत शिरणाऱ्याला मान लववावीच लागते. अशा दारांचा फोटो तिरपे ऊन असताना घ्यावा. भर दुपारी सारे दार सपाट दिसते. ऊन कलले की एकेका खिळ्याची सावली फळीवर लांब पसरते.

परंतु मला खिळ्यांपेक्षा अडसराचे मोल अधिक वाटते. जुन्या वाड्यांत दाराच्या बगलेला भिंतीत एक खोल भोक असते. त्यात लाकडाचा जाड दांडा सरकवून ठेवलेला असे. रात्री तो ओढून समोरच्या भिंतीच्या खाचेत बसवला की दार पक्के. ह्याला किल्ली नाही, आणि तो बाहेरून लावता येत नाही, काढताही येत नाही. म्हणजे ज्या घराची भिस्त अडसरावर, त्या घरात कोणीतरी सदैव असलेच पाहिजे. ते कोणीतरी कोण, हे आपणा बायकांना सांगायला नको. अडसराचा दांडा हाताळून हाताळून मध्यभागी गुळगुळीत झालेला असतो, तो मी अगदी जवळून टिपते.

बाहेर राहणारीचे काय होते, ते हिरकणीच्या कथेत आहे. सूर्यास्ताला रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्हे बाळ गडाखाली घरी. ती कडा उतरून गेली. ही आख्यायिकाच, परंतु महाराष्ट्राने ती आजवर जपली आहे.

कुलपाची जात वेगळी. शब्दच मुळी अरबी 'कुफ्ल'पासून आलेला. कुलूप बाहेरून लागते, तेव्हा घरातली सगळी माणसे एकदम बाहेर पडू शकतात. माझ्या मते कुलपाने बाईला जेवढे अडकवले, त्याहून अधिक मोकळे केले. नोकरीला जाणाऱ्या सुनेच्या पर्समध्ये घराची किल्ली आली, हा लहानसा बदल नव्हे. त्यापूर्वी किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या कमरेला, आणि त्यातही बहुधा कोठीच्या; तिजोरीची किल्ली पुरुषांकडे.

कुलपाच्या पोटात काय असते, तेही पाहण्यासारखे आहे. रॉबर्ट बॅरन ह्या इंग्रज कारागिराने १७७८ साली जी युक्ती काढली, तिच्यावर तरफांची कुलपे आजही चालतात. किल्लीच्या दात्यांनी आतली प्रत्येक तरफ नेमकी तेवढीच उचलावी लागते. कमी उचलली तरी अडते आणि जास्त उचलली तरी अडते. आपल्याकडे अर्देशिर गोदरेज ह्यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. वकिली सोडून हा गृहस्थ कुलपे करू लागला! त्याच कारखान्याचे एक जुने कुलूप मी उघडून, तरफा सुट्या करून पांढऱ्या कापडावर मांडल्या आणि त्यांचा फोटो घेतला. सगळ्या सारख्याच दिसतात. फरक असतो तो केसभर.

किल्ली हाती असणे आणि मालकी असणे ह्यांत मात्र पुष्कळ अंतर होते. विधवेच्या वाट्याला पुष्कळदा येई तो हयातीपुरता हक्क. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची ठरवली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला.

नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर हे माझ्या छंदाला आव्हान देणारे गाव. श्रद्धेने घरांना दारे न लावण्याची तिथली प्रथा. २०११ साली तिथे बँकेची शाखा निघाली, तिचीही 'बिनकुलपाची' म्हणून ख्याती झाली. मी तिथे दार नसलेल्या चौकटींचे फोटो घेतले. कुत्री आत शिरू नयेत म्हणून एके ठिकाणी फळी टेकवलेली होती. ज्या गावी घराला कडी नाही, तिथल्या शनीच्या चौथऱ्यावर मात्र बाईला चढता येत नसे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, तो मोकळा झाला. चौकटीचा फोटो काढता येतो. ह्या बंदीचा काय काढणार?

राहिले कालव्याचे दार. इंग्रजीत जहाजे वर चढवणाऱ्या कालव्यावरील दुहेरी दारांनाही 'लॉक' म्हणतात. पनामाच्या कालव्यात १९१४ पासून जहाजे अशा तीन पायऱ्यांनी सुमारे २६ मीटर वर चढतात. आमच्या नगरकडचे कालवे शेतीचे, तेव्हा तिथे जहाज कुठले! परंतु दार आहे आणि पुष्कळदा त्याला खरेखुरे कुलूपही असते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेच्या दोन्ही कालव्यांत जाते. मुख्य कालव्यातून चारी निघते तिथे लोखंडी झडप, ती वरखाली करायला आट्यांचा दांडा, आणि कोणी परस्पर फिरवू नये म्हणून साखळी व कुलूप. पाळी आली की किल्लीवाला माणूस येतो. पाण्याचा अर्ज ज्याच्या नावे जमीन त्याच्या नावाने. म्हणून शेतात राबणाऱ्या बाईचे नाव त्या कागदावर क्वचितच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी थोडी जमीन बायकोच्या नावे केली.

वाफ्यांत पाणी सोडण्याला आपल्याकडे 'दारे धरणे' म्हणतात. माझ्या संग्रहातला शेवटचा फोटो त्याचाच आहे. पहाटेची पाळी, उसाच्या सरीत गुडघ्यापर्यंत लुगडे खोचलेली बाई, हातात खोरे. एका सरीचे दार चिखलाच्या ढेकळाने बंद करून ती दुसरीचे उघडते आहे. मी नाव विचारले तेव्हा तिने आधी शेताचा गट नंबर सांगितला, मग स्वतःचे नाव.