कोंबड्यांच्या खुराड्यातील प्रकाश

मागे एका ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घरातील सर्वांना घेऊन एका स्टुडिओत गेलो. आठवड्याने फोटो हाती आला. अम्मी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बेटा, ये कौन है?" तिच्या चेहऱ्यावर एकही सुरकुती उरली नव्हती. संगणकावर चेहरा 'मुलायम' करून दिला होता आणि त्याचे वेगळे पैसेही घेतले होते.

मुलायम छायाचित्र म्हणजे पुसलेला चेहरा काय? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही इतिहासात शिरलो.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचा जन्म 1815 मध्ये कलकत्त्यात झाला. पती चार्ल्स हे मेकॉलेसोबत हिंदुस्थानच्या विधी आयोगावर होते. 1848 मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेले व पुढे वाइट बेटावर स्थायिक झाले. सिलोनमधील कॉफीच्या मळ्यांचे उत्पन्न बेभरवशाचे होते. डिसेंबर 1863 मध्ये लेक व जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्यांचे वय 48 होते. कॅमेरा मिळाला, पण स्टुडिओ कोठून आणणार? बाईंनी कोळशाच्या कोठीत अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्यात स्टुडिओ थाटला. कोंबड्या मोकळ्या सोडल्या, मुलांची ताजी अंडी बंद झाली!

समोर बसायला भाडोत्री माणसे नव्हती. भाची ज्युलिया जॅक्सन, मोलकरीण मेरी हिलियर, शेजारपाजारची मुले हीच मंडळी. पडदे ओढून एकाच बाजूने प्रकाश घ्यायचा. ओल्या रसायनाची काच कॅमेऱ्यात, आणि समोरच्याने कधी कधी काही मिनिटे स्तब्ध बसायचे. श्वासाबरोबर चेहरा किंचित हलणारच. भिंग फिरवताना जेथे चित्र डोळ्याला सुंदर दिसे तेथेच बाई थांबत, त्यापुढे रेखीवपणासाठी फिरवीत नसत. छायाचित्रणाच्या मासिकांनी याला चूक म्हटले. काचेवरील ओरखडे व डागही त्यांनी लपविले नाहीत. तरीही 1867 मधील शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचे छायाचित्र पाहा. कडा विरघळल्या आहेत, पण म्हाताऱ्या चेहऱ्याची एकही रेषा हरवलेली नाही.

यामागचे शास्त्र आम्ही वर्गात सांगतो. अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी सूर्यग्रहणावरील प्रबंधात दाखवून दिले की, छिद्र लहान असेल तरच ग्रहणाची कोर स्पष्ट उमटते. मोठ्या छिद्रातून आकृती पसरते. साध्या भिंगाचेही तसेच. त्याच्या कडेने आलेले किरण मधल्या किरणांसोबत एकाच जागी मिळत नाहीत. म्हणून चित्र स्पष्ट राहते आणि त्यावर उजेडाचे झिरझिरीत वलय पसरते. जपानमधील हौशी लोकांनी हे फार स्वस्तात साधले. 1912 मध्ये निघालेल्या कोडॅकच्या खिशातील कॅमेऱ्याच्या साध्या भिंगासमोरची कडी ते काढून टाकीत. छिद्र मोठे झाले की चित्र मऊ!

म्हणजे मुलायमपणा प्रकाशातून आणि भिंगातून येतो, चेहरा पुसून येत नाही. पुसणे वेगळे, मऊ करणे वेगळे.

हे उमगल्यावर आम्ही घरीच प्रयोग केला. सकाळी ऊन थेट न येणाऱ्या खिडकीजवळ अम्मीला बसविले, खिडकीवर पातळ पांढरा दुपट्टा बांधला. दुसऱ्या बाजूला मुलांनी पांढरी चादर ताणून धरली, म्हणजे सावलीकडच्या गालावरही उजेड परतला. मोबाइल पाठ्यपुस्तकांच्या थप्पीवर टेकवला आणि त्यातील चेहरा गुळगुळीत करणारी सोय आधी बंद केली. खर्च काहीच नाही, फक्त चादर पुन्हा धुवावी लागली.

फोटोत अम्मीच्या डोळ्यांभोवतीच्या रेषा आहेत, कपाळावरची जुनी खूणही आहे. अब्बांनी चष्मा लावला, फोटो जवळ धरला आणि एवढेच म्हणाले, "हाँ, यही है."

स्टुडिओतला फोटो आम्ही फाडला नाही. पण भिंतीवर लागला आहे तो हा.