टोळी की दस्ता?

कर्जत तालुक्याची उत्तरेकडची शीव ओलांडली की मुरबाड तालुका लागतो. तेथे भीमाशंकरच्या डोंगररांगेत सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे या गडाच्या रानात पोलिसांनी वेढा घातला आणि गोळीबारात माथेरानचे भाई कोतवाल व मानिवलीचे हिराजी पाटील कामास आले. ही हकीकत कर्जत-खालापुरात घरोघरी ठाऊक आहे. म्हणून आज ती पुन्हा न सांगता, तिला कोणी कोणते नाव दिले एवढेच पाहू.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे माथेरानच्या एका गरीब नाभिक घरातले. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्याच्या कोठ्या काढल्या, खेड्यांतून शाळा सुरू केल्या. १९४२ साली ‘चले जाव’ची हाक आली तेव्हा ते भूमिगत झाले आणि त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला. खालापूर तालुक्यातले खोपोली आणि कर्जत तालुक्यातली भिवपुरी येथली वीज मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना जाई. दस्त्याच्या लोकांनी विजेच्या तारांचे मनोरे पाडले. कारखाने अडले की लढाईचा माल अडेल, असा त्यांचा हिशेब होता.

सरकार दरबारी मात्र ही ‘टोळी’ होती. आता पाहा, दस्ता म्हणजेही माणसांचा जमाव आणि टोळी म्हणजेही जमावच. पण टोळी म्हटले की डोळ्यांपुढे दरोडा येतो. टोळीतल्या माणसाला कोणी विचारीत नाही की, बाबा रे, तू हे का केलेस? त्याच्या डोक्यावर इनाम लावता येते. आणि रात्री त्याला भाकरी देणारा वाडीवरचा गरीब माणूस गुन्हेगाराचा साथीदार ठरतो. शब्द एक, पण त्याची झळ अशी थेट चुलीपर्यंत पोचते.

हे काही एका जिल्ह्यातल्या पोलिसांचेच डोके नव्हते. सिद्धगडानंतर महिन्या-दीड महिन्यातच, फेब्रुवारी १९४३ मध्ये, हिंदुस्थान सरकारने बेचाळीसच्या चळवळीवर एक पुस्तिका काढली. तिच्या मथळ्यातच चळवळीला ‘गडबडी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द होता आणि त्या गडबडींची जबाबदारी काँग्रेसवर टाकली होती. गडबड म्हणजे काय? बाजारातही होते, जत्रेतही होते. चार शिपाई आले की मिटते.

आणि खासगीत? ३१ ऑगस्ट १९४२ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिलना तार केली. १८५७ नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे आणि त्याची व्याप्ती आपण जगापासून लपवून ठेवली आहे, असा तिचा मतलब होता. ही तार पुढे छापून प्रसिद्ध झाली. म्हणजे तारेत बंड, पुस्तिकेत गडबड आणि आमच्या डोंगरात टोळी!

हे कशासाठी? इंग्रज तेव्हा हिटलरशी लढत होते आणि ही लढाई स्वातंत्र्यासाठी आहे असे जगाला सांगत होते. मग हिंदुस्थानातले लोक स्वातंत्र्यासाठीच उठले आहेत, हे कबूल कसे करायचे? वर्तमानपत्रांवर निर्बंध होते. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला, तोही नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलिसांनी पकडला. दुसरे नाव लोकांच्या कानी पडणारच नाही, असा हा बंदोबस्त.

आज आपण त्या दोघांना हुतात्मा म्हणतो. ते नाव योग्यच आहे, पण तेही आपण दिलेले आहे, हे विसरू नये. ‘हुतात्मा’ म्हणून हार घातला की आपलेही विचारणे थांबते. धान्याच्या कोठ्या कोणाला आठवतात? ज्या वाड्यापाड्यांच्या आसऱ्यावाचून दस्ता रानात टिकलाच नसता, त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

तेव्हा गुरुजी, २ जानेवारीला मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा फळ्यावर तीन शब्द लिहा: बंड, गडबड, टोळी. आणि मुलांना विचारा, यांतला कोणता शब्द कोणी वापरला आणि कोणाला ऐकवण्यासाठी? मुले उत्तर शोधतील. इतिहास शिकायला तेथूनच सुरुवात होते.