सम्राट् जगन्नाथांचें ‘रेखागणित’ आणि वर्तुळांतील कोन

सवाई जयसिंहाच्या आज्ञेवरून सम्राट् जगन्नाथांनीं इ. स. १७१८ चे सुमारास ‘रेखागणित’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला. कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांनीं संपादिलेला हा ग्रंथ मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत १९०१-०२ सालीं छापून निघाला. ग्रंथारंभीं जगन्नाथ सांगतात कीं, हें शिल्पशास्त्र ब्रह्मदेवानें विश्वकर्म्यास सांगितलें, परंपरेनें तें पृथ्वीवर आलें, पुढें लुप्त झालें, आणि राजाज्ञेनें आपण तें पुनः प्रकट केलें. युक्लिडाचें नांव तेथें नाहीं. एवढ्यावरून वर्तुळांतील कोनांचे सिद्धांत आमच्या पूर्वजांचेच, असें कोणी म्हणेल, तर तें कितपत टिकेल?

ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायांत वर्तुळाचा विचार आहे. एकाच चापावर उभा असलेला केंद्रस्थ कोन परिधिस्थ कोनाच्या दुप्पट असतो. एकाच वृत्तखंडांतील कोन परस्पर समान असतात. अर्धवृत्तांतील कोन काटकोन असतो. हे सिद्धांत युक्लिडाच्याच तिसऱ्या अध्यायांतले होत. पण निर्णायक पुरावा आकृतींत आहे. तेथील बिंदूंस अ, ब, ज, द अशीं अक्षरें दिलीं आहेत. आमच्या वर्णमालेंत अकारामागून बकार व बकारामागून जकार येण्यास कारण नाहीं. हा अरबी ‘अबजद’ क्रम होय. नासिरुद्दीन तूसीनें इ. स. १२४८ मध्यें सिद्ध केलेली युक्लिडाची अरबी आवृत्ति हाच जगन्नाथांचा आधार. उपोद्घातानें जें झांकिलें, तें आकृतींनीं उघड केलें.

मग प्राचीन संस्कृत गणितांत या विषयाचें कांहींच नव्हतें काय? तसेंही नाहीं. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें रचिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतांत नियम दिला आहे कीं, त्रिभुजाच्या दोन बाजूंच्या गुणाकारास लंबाच्या दुपटीनें भागिलें असतां हृदयरज्जु, म्हणजे परिवृत्ताची त्रिज्या, मिळते. बाजू १३ व १५, भूमि १४ आणि लंब १२ घेतल्यास १९५ ला २४ नीं भागून त्रिज्या ८⅛ येते. आज याची उपपत्ति अशी देतात: शिरोबिंदूंतून व्यास काढून त्याचें दुसरें टोक भूमीच्या एका टोकास जोडावें. तेथें अर्धवृत्तांतील काटकोन होतो. व्यासाच्या टोकाशीं झालेला कोन भूमीच्या दुसऱ्या टोकाशीं असलेल्या कोनाएवढाच, कारण दोन्हीं एकाच चापावर उभे आहेत. म्हणून दोन काटकोन त्रिभुज समरूप होतात, आणि व्यासाचें एका बाजूशीं जें प्रमाण, तेंच दुसऱ्या बाजूचें लंबाशीं.

ब्रह्मगुप्तानें उपपत्ति दिलेली नाहीं. तेव्हां परिधिस्थ कोनांचा सिद्धांत त्याच्या पदरीं बांधणें योग्य नव्हे. आमच्या गणितज्ञांचें साधन कोन नव्हतें, चाप व ज्या हें होतें. चाप मोजावा, त्याची ज्या काढावी, आणि पुढें त्रैराशिक चालवावें, ही त्यांची रीति. केरळांत ज्येष्ठदेवानें इ. स. १५३० चे सुमारास मलयाळम् भाषेंत लिहिलेल्या ‘युक्तिभाषे’त वृत्तस्थ चतुर्भुजाच्या उपपत्ति आहेत. तेथें चापांची अदलाबदल करून कर्णांचे संबंध सिद्ध केले आहेत. समान चापांस समान ज्या, एवढ्या आधारावर तेथें कार्य साधतें.

येणेंप्रमाणें दोन मतें सोडलीं पाहिजेत. उपोद्घातावर विसंबून युक्लिडाचे सिद्धांत विश्वकर्म्याचे म्हणणें हें एक, आणि ते सिद्धांत त्या शब्दांत आढळत नाहींत म्हणून आमच्याकडे वर्तुळाचें ज्ञानच नव्हतें असें म्हणणें हें दुसरें. जगन्नाथांचें खरें श्रेय परकीय शास्त्र शुद्ध संस्कृतांत उतरविण्याचें आहे, आणि तें थोडें नव्हे. ब्रह्मगुप्ताचें श्रेय त्याच्या स्वतःच्या नियमांत आहे. ज्याचें त्यास दिल्यानें दोघांचाही मान वाढतो. उसन्या भूषणाची गरज दोघांसही नाहीं.