४ ऑगस्ट : चार मिनिटांचा खेळ

जपानी रहस्यकथाकार सेइचो मात्सुमोतो यांचे १९९२ मध्ये आजच्या दिवशी निधन झाले. शिक्षण जेमतेम, नोकरी वर्तमानपत्रात जाहिराती मांडण्याची. लेखणी धरली ती चाळिशीच्या आसपास. १९५३ मध्ये प्रतिष्ठेचे अकुतागावा पारितोषिक मिळाले. नाव गाजवले मात्र ‘तेन तो सेन’ने, म्हणजे ‘ठिपके आणि रेषा’ या कादंबरीने. तिच्यात टोकियो स्थानकात संध्याकाळी तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरवरची गाडी जेमतेम चार मिनिटे दिसते. एरवी मध्ये दुसऱ्या गाड्या आडव्या येतात. खुन्याचे कारस्थान या फटीवर उभे. (गाड्या वेळेवर धावतात, म्हणून जमते हे!) तपास करणारे पोलीस साधे, चिकाटीचे, आणि धागा पोहोचतो थेट सरकारी खात्यातल्या लाचखोरीपर्यंत.